ड्रॉस : गाळाचा शब्द भट्टीत कसा आला

ड्रॉस हा इंग्लिश शब्द मुळात धातूचा नव्हताच, तो वाइनच्या पिंपातला. वाइन मुरत ठेवली की तळाशी जो गढूळ साका बसतो, मेलेलं यीस्ट, सालपटं, बियांचा चुरा असं सगळं, त्याला हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्लिशमध्ये 'ड्रोस्ना' म्हणायचे आणि त्याचंच आखूड रूप 'ड्रोस'. त्याची भावंडं शेजारच्या भाषांमध्ये अजून सापडतात. डच माणूस आजही वाइनच्या तळच्या गाळाला 'द्रूसेम' म्हणतो, जर्मनमध्ये 'ड्रूझन' होता, तो आता जुना झालाय. शब्दांचा इतिहास शोधणारे या सगळ्यांच्या मागे एक फार जुनं मूळ दाखवतात, अर्थ गढूळ करणं. म्हणजे सुरुवातीचं चित्र साधं, वर निवळ आणि खाली गाळ.

आणि भट्टीतलं ड्रॉस? ते वर तरंगतं. बरोबर उलट. अकराव्या शतकाच्या आसपास इंग्लिशमध्ये हा शब्द वितळलेल्या धातूवर येणाऱ्या मळीसाठी वापरलेला दिसतो आणि पुढे तोच अर्थ पक्का बसला, वाइनचा साका मागे पडला. शब्द तळातून उठून पृष्ठभागावर आला. कारण घनतेचं आहे. वाइनचा साका वाइनपेक्षा जड म्हणून बुडतो, वितळलेलं लोखंड घन सेंटिमीटरला ७ ग्रॅमच्या आसपास आणि त्यावरची मळी ३ च्या आतबाहेर, म्हणून ती वर येते. पण ज्यांनी हा शब्द इकडून तिकडे नेला त्यांना वर का खाली याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, जे काढून टाकायचं ते ड्रॉस, एवढंच. एका शब्दाने अशी कोलांटी खावी आणि कुणाला ते जाणवूही नये, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून डोक्यातून गेलेलं नाही.

मी फौंड्रीत क्वालिटीला आहे, कोल्हापुरात. आमच्याकडे शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात ओतकामाच्या इतक्या भट्ट्या आहेत की चहाच्या टपरीवरसुद्धा हीट, लॅडल, रिजेक्शन हे शब्द कानावर पडतात. तिथे बोलताना सगळे एकच शब्द वापरतात, स्लॅग. वर आलं ते स्लॅग, कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून तयार झालेल्या पार्टमध्ये, अडकलं तेही स्लॅग. ड्रॉस हा शब्द फक्त पुस्तकात आणि कस्टमरच्या इंजिनियरच्या तोंडी. आणि मला वाटतं की या दोन शब्दांत फरक न केल्यामुळे आमच्या शॉप फ्लोअरवर एका माणसावर रोज थोडा थोडा अन्याय होतो. त्यासाठीच हे लिहायला बसलोय. पण तिथे पोचायला जरा लांबून जावं लागेल.

आधी स्लॅग. हा शब्द इंग्लिशमध्ये बराच उशिरा आला, सोळाव्या शतकाच्या मध्यात, आणि आला तो जर्मनीच्या उत्तर भागातल्या बोलीतून, तिथे 'स्लाग्गं' म्हणायचे. त्याचं नातं बहुतेक ठोकणं, हाणणं या क्रियापदाशी जोडतात. लोखंडाचा तापलेला गोळा भट्टीतून काढून घणाने ठोकला की त्यातून जे उडून पडायचं, पिळून बाहेर यायचं, ते. त्याच काळात राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीत तांब्याच्या खाणींसाठी जर्मन भाषक खाणकामगार इंग्लंडमध्ये बोलावून आणले होते, उत्तरेला केझिक गावाजवळ त्यांच्या भट्ट्या होत्या, आणि १५६८ मध्ये माइन्स रॉयल नावाच्या कंपनीला राणीची सनदही मिळाली. धातूच्या कामात तेव्हा जर्मन लोकच पुढे होते, तर कामाबरोबर त्यांचे शब्दही पसरले असणार यात नवल नाही.

इंग्लिशचा स्वतःचा जुना शब्दही होता, 'सिंडर'. आज आपण सिंडर म्हटलं की कोळशाची राख आठवते, पण जुन्या इंग्लिशमध्ये सिंडर म्हणजे लोखंडाची मळी. पुढे फ्रेंचमधला राखेसाठीचा 'सान्द्र' हा शब्द कानाला सारखा लागला म्हणून लोकांनी याचं स्पेलिंगही बदललं आणि अर्थही राखेकडे सरकला, दोघांचं नातं काहीच नसताना. इंग्लंडच्या पश्चिमेला फॉरेस्ट ऑफ डीन नावाचं जंगल आहे, तिथे रोमन काळापासून लोखंड गाळायचे, छोट्या मातीच्या भट्ट्यांत, आणि त्या भट्ट्यांना सगळं लोखंड बाहेर काढता यायचं नाही, बरंचसं मळीतच राहायचं. सतराव्या शतकात तिथे मोठ्या ब्लास्ट फर्नेस आल्यावर लोकांनी शेकडो वर्षं पडून असलेले सिंडरचे ढीग खणून काढले आणि परत भट्टीत घातले. बापजाद्यांनी फेकलेल्या मळीतून नातवंडांनी लोखंड काढलं.

तिसरा शब्द स्कोरिया. हा ग्रीक, आणि त्याच्या पोटात सरळ विष्ठेचा शब्द आहे. ग्रीक लोकांना धातूची मळी म्हणजे धातूने केलेली घाण वाटली. ठोकून काढलेलं, गढूळ करणारं आणि विष्ठा. तीन ठिकाणच्या लोकांनी एकाच पदार्थाकडे बघून तीन वेगळ्या गोष्टी पाहिल्या.

आता चांदीकडे येतो, कारण ड्रॉस या शब्दाला इंग्लिशमध्ये जे वजन आहे ते लोखंडामुळे नाही, चांदीमुळे आहे.

जुन्या जगात चांदी बहुतेक शिशाच्या खनिजातून निघायची. इंग्लंडात मेंडिप नावाच्या टेकड्या आहेत, रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरलं इसवी सन ४३ मध्ये आणि तिथल्या शिशाच्या एका लगडीवरचा छाप आहे इसवी सन ४९ चा. सहा वर्षांत खाण सुरू! एवढी घाई शिशासाठी नव्हती, शिशाच्या पोटातल्या चांदीसाठी होती. अशा लगडींवर चांदीच्या खाणींचा उल्लेखही कोरलेला सापडतो.

शिशातून चांदी वेगळी करायची पद्धत इतकी सुंदर आहे की ती जरा निवांत सांगतो. हाडांची राख दाबून उथळ परात बनवायची, त्यात चांदीवालं शिसं वितळवायचं, आणि भात्याने वरून वारा मारत राहायचं. उष्णता हवी ९०० ते १००० डिग्रीच्या दरम्यान. शिशाला हवा लागली की त्याचं ऑक्साइड होतं, पिवळट, आणि ते ८८८ डिग्रीला वितळून तेलासारखं वर पसरतं. चांदीला हवेचं काही सोयरसुतक नाही, ती तशीच राहते. ते पिवळं तेल काही वरून ओढून काढायचं, काही हाडांची राख शोषून घेते. असं करत करत शिसं संपत येतं, वरची साय पातळ होत जाते, त्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग फिरतात, आणि शेवटचा पदर फाटला की खालची चांदी एकदम लखकन चमकते. जर्मन कारागिरांनी त्या क्षणाला नावच दिलं होतं, 'ब्लिक', म्हणजे लखलखाट. त्या पिवळ्या ऑक्साइडला आपल्याकडे मुरदाडशिंग म्हणतात, वैद्यांच्या मलमात पडायचं ते. शब्द फारसीतला आहे, मेलेला दगड.

आता विचार करा, इथे ड्रॉस कोण? बाहेरून पडलेली माती नाही, कोळसा नाही, वाळू नाही. ड्रॉस म्हणजे शिसं. मघाशी परातीत चांदीच्या मांडीला मांडी लावून बसलेला धातूच. त्याला वारा लागला आणि तो मळी झाला.

बायबलमध्ये हिब्रू शब्द आहे 'सीग', त्याच्या मुळाशी मागे हटणं, बाजूला सरणं असा अर्थ आहे, आणि १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात त्यासाठी ड्रॉस हाच शब्द वापरलाय. तिथून तो प्रत्येक इंग्लिश घरात गेला. रुप्यातलं ड्रॉस काढून टाक म्हणजे सोनाराला भांडं मिळेल, असं नीतिसूत्रांत आहे. पृथ्वीवरच्या दुष्टांना देव ड्रॉससारखं दूर टाकतो, असं स्तोत्रात आहे. आणि यशया नावाचा संदेष्टा आपल्या शहराला म्हणतो की तुझ्या रुप्याचं ड्रॉस झालं, तुझ्या वाइनमध्ये पाणी मिसळलं. चांदीत ड्रॉस मिसळलं असं तो म्हणत नाही, चांदीचंच ड्रॉस झालं म्हणतो, हे मला फार नेमकं वाटतं. यिर्मया हा दुसरा संदेष्टा तर थेट भट्टीपाशी उभा राहून बोलल्यासारखा बोलतो. भाता जळून गेला, शिसं आगीत संपून गेलं, गाळणाऱ्याची सगळी मेहनत फुकट, वाईट निघालंच नाही. हे ज्याने लिहिलं त्याने ते काम जवळून पाहिलेलं असणार, नाहीतर शिसं संपलं की शुद्धीकरण थांबतं हे कुठून सुचणार?

पण या भाषांतराने एक गोष्ट केली. ड्रॉस म्हणजे वाईट माणसं, पाप, फेकून देण्याजोगं, असं कायमचं ठसवून टाकलं. धातूची रसायनं बाजूला राहिली आणि शब्द दोष देण्याच्या कामाला लागला. याच्या थोडं आधी शेक्सपियरच्या मर्चंट ऑफ व्हेनिसमध्ये तीन पेट्यांचा प्रसंग आहे, सोन्याची, चांदीची आणि शिशाची. मोरोक्कोचा राजपुत्र शिशाच्या पेटीसमोर उभा राहून म्हणतो की सोन्यासारखं मन असल्या ड्रॉसपुढे वाकत नाही, आणि सोन्याची पेटी उघडतो. नायिकेचं चित्र असतं शिशाच्या पेटीत. त्या काळच्या प्रेक्षकांना शिसं म्हणजे चांदीचं ड्रॉस हे सांगावं लागलं नसेल.

आपल्याकडेही धातूच्या मळीला कमी शब्द नाहीत. सोन्यारुप्यातलं हीण, त्यावरून हिणकस. लोखंडाचं कीट. आणि मळी, जी आमच्या भागात भट्टीपेक्षा गुऱ्हाळावर जास्त ऐकू येते. काहिलीत उसाचा रस तापायला लागला की वर काळपट फेस येतो, गुळव्या रानभेंडीचं चिकट पाणी रसात टाकतो, त्याने सगळी घाण एकत्र होऊन वर येते आणि मग मोठ्या झाऱ्याने ती मळी काढतात. फौंड्रीत आम्ही हेच करतो, फक्त भेंडीच्या जागी पर्लाइटचे पांढरे दाणे असतात, ते वितळलेल्या लोखंडाच्या रसावर टाकले की फुलतात, मळीला पकडून तिची पोळी करतात आणि ती सळईने ओढून काढता येते.

मळी हा शब्द चांगलाय, पण तो वर आलेल्या सगळ्याला सरसकट लागतो, ते कुठून आलं हे त्यात नाही. कीट त्या मानाने नेमका. गंजालाही आपण कीट म्हणतो आणि भट्टीतल्या मळीलाही, म्हणजे लोखंडाचंच काहीतरी बिघडून झालेलं ते कीट, हे जुन्या माणसांना कळलं होतं.

कीटावरून मंडूर आठवलंच पाहिजे. आयुर्वेदात लोखंडाच्या जुन्या कीटापासून मंडूर भस्म करतात, रक्त कमी असलेल्यांना देतात, पुनर्नवा मंडूर आजही कुठल्याही आयुर्वेदिक दुकानात मिळतं. आणि रसशास्त्रात त्या कीटाची प्रत वयावर ठरवलीय. शंभर वर्षांपेक्षा जुनं ते उत्तम, ऐंशीचं मध्यम, साठचं कनिष्ठ, आणि त्याहून नवं असेल तर विषासारखं. कीट जितकं जुनं तितकं मोलाचं! म्हणजे ते शोधायला वैद्याला जुन्या भट्ट्यांच्या जागा माहीत असायला हव्यात, तीन चार पिढ्यांपूर्वी कुठे लोखंड गाळायचे हे कुणीतरी लक्षात ठेवायला हवं. विदर्भात तर अशा जागा फारच जुन्या आहेत. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नैकुंडला १९७० च्या दशकाच्या अखेरीस डेक्कन कॉलेजच्या लोकांनी उत्खनन केलं तेव्हा महापाषाण काळातली लोखंड गाळायची भट्टी सापडली, अडीच हजार वर्षांपेक्षा जुनी, आणि सोबत मळी. लोखंड गंजून जातं, मळी टिकते. पुरातत्त्ववाल्यांना इथे लोखंड गाळायचे हे कळतं ते बहुतेक वेळा मळीवरूनच.

तर आता आमच्या लॅडलपाशी, म्हणजे भट्टीतला रस ज्यात घेऊन ओततात त्या भांड्यापाशी.

साधं बीड ओततो तेव्हा आतलं ग्राफाइट पातळ पाकळ्यांसारखं असतं, म्हणून ते ठिसूळ. १९४३ मध्ये अमेरिकेत कीथ मिलिस नावाच्या संशोधकाला सापडलं की रसात थोडं मॅग्नेशियम गेलं तर त्या पाकळ्यांच्या गोळ्या होतात आणि बीड वाकायला लागतं, फुटत नाही. त्यालाच आम्ही एसजी म्हणतो, गाड्यांचे कितीतरी पार्ट यातच होतात. पण मॅग्नेशियम लोखंडात घालणं म्हणजे आगीशी खेळ. रस असतो १४५० ते १५०० डिग्रीला आणि मॅग्नेशियम १०९० लाच उकळतं. म्हणून लॅडलच्या तळात एक खळगा असतो, त्यात मॅग्नेशियमच्या अलॉयचे खडे, त्यावर स्टीलच्या पंचिंगच्या चकत्यांचं पांघरूण, आणि मग रस ओतायचा. दोन सेकंद काही होत नाही आणि मग आतून खदखदायला लागतं, डोळे दिपवणारा पांढरा उजेड, पांढरा धूर छतापर्यंत. रोज बघूनही मी त्या उजेडाकडे पाठ फिरवू शकत नाही.

ते शांत झालं की वर मळी असते. जाड, काळी, चिवट. त्यात स्क्रॅपवरचा गंज असतो, वाळू असते, भट्टीच्या अस्तराचे तुकडे असतात. हे स्लॅग. हे बाहेरून आलेलं आहे. पर्लाइट टाकून, सळई फिरवून एक माणूस ते काढतो, समोर तोंड भाजेल अशी धग, आणि तो दोनदा तीनदा काढतो जोपर्यंत खाली रस आरशासारखा दिसत नाही तोपर्यंत.

आणि तो आरसा नीट बघा. सळई बाहेर आली की काही क्षणांत त्यावर एक साय धरते. बाहेरून काही पडलेलं नाही. रसात जे मॅग्नेशियम मुद्दाम ठेवलंय, शेकडा ०.०४ च्या आसपास, तेच हवेतल्या ऑक्सिजनला, रसातल्या उरलेल्या सल्फरला, सिलिकॉनला धरतं आणि त्याचा पापुद्रा होतो. हे ड्रॉस. ते काढलं तर परत येतं, कारण ते काढण्यासाठी जी नवी जागा उघडी पडते तिथेच ते परत तयार होतं. एवढंच नाही, लॅडलमधून मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, रस जाताना जिथे जिथे तो आपटतो, उसळतो, तिथे नवीन पृष्ठभाग हवेला लागतो, नवा पापुद्रा होतो आणि घडी पडून आत ओढला जातो. म्हणजे लॅडल आरशासारखी साफ असली तरी मोल्डच्या आत, जिथे कुणाची सळई पोचत नाही, तिथे ड्रॉस जन्माला येऊ शकतं.

कास्टिंगमध्ये ते बहुतेक वरच्या बाजूला जाऊन अडकतं. मशीनिंग होईपर्यंत दिसत नाही. मशीनवरून पार्ट आला, चकचकीत पृष्ठभाग, आणि त्यावर केसासारख्या काळ्या रेषा, नखाला लागतील न लागतील. त्याचा तुकडा कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली १०० पटीत बघितला की सगळं कळतं. सगळीकडे ग्राफाइटचे छान गोल दाणे, आणि मधूनच एक फाटक्या दोऱ्यासारखी काळी ओळ चाललेली, तिच्या कडेने दाणे बिघडलेले, पुन्हा पाकळ्या झालेल्या, कारण तिथलं मॅग्नेशियम त्या दोऱ्याने खाल्लेलं असतं. हे दृश्य एकदा बघितलं की स्लॅगचा गोळा आणि ड्रॉसचा दोरा यात गल्लत होत नाही. स्लॅग ठोकळ्यासारखं, कोपरे असलेलं, काचेसारखं दिसतं. ड्रॉस असं विणलेलं असतं.

पण रिपोर्टवर लिहिलं जातं स्लॅग. आणि स्लॅग लिहिलं की प्रश्न एकच येतो, लॅडल साफ कुणी केली होती?

आमच्याकडे लॅडलवर एक मामा आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. मी या खात्यात नवीन आलो तेव्हा एका लॉटवरून त्यांना बोलणी बसत होती आणि ते खाली मान घालून ऐकत होते. नंतर लॅबच्या दाराशी आले, आत नाही आले, बाहेरूनच म्हणाले, "साहेब, लॅडल मी आरशागत केलती. तुमी त्या दुर्बिणीत बघताय न्हवं, मग त्यात माझं नाव दिसतंय काय?" मी त्यांना आत घेतलं, स्टूल दिलं, मायक्रोस्कोपवर बसवलं. दोरा दाखवला. मग शेजारी जुन्या सॅम्पलमधला स्लॅगचा तुकडा दाखवला. बराच वेळ त्यांनी एकदा हे, एकदा ते असं फिरवून बघितलं. मग म्हणाले, "ह्ये आतच झालंय." मेटलर्जीच्या पुस्तकात जे दोन पानं भरून लिहिलेलं असतं ते त्यांनी तीन शब्दांत सांगितलं.

म्हणून मी म्हणतो की हा शब्दांचा कीस नाही. स्लॅग असेल तर उपाय लॅडलवर आहे, स्क्रॅप स्वच्छ घ्या, अस्तर बघा, काढणाऱ्या माणसाला वेळ द्या. ड्रॉस असेल तर उपाय त्या माणसाच्या हातात नाहीच. मॅग्नेशियम गरजेपेक्षा जास्त पडतंय का ते बघा, मूळ रसातला सल्फर कमी करा, मॅग्नेशियमची ट्रीटमेंट झाल्यावर रस ताटकळत ठेवू नका, थंड होऊ देऊ नका, रनर, म्हणजे साच्यात रस नेणारी वाट, असा करा की रस न उसळता शांत भरेल, सिरॅमिक फिल्टर बसवा. हे सगळे निर्णय ऑफिसात होतात, डिझाइनवाल्याच्या, मेथडवाल्याच्या, पैसे मंजूर करणाऱ्याच्या टेबलावर. चुकीचा शब्द लिहिला की तो दोष टेबलावरून उठून भट्टीसमोर घामाने भिजलेल्या माणसाच्या अंगावर जाऊन पडतो. मला याचा राग येतो आणि तो यावाच असं मला वाटतं.

दुसऱ्या धातूंत हा फरक इतका ठळक आहे की तिथे कुणी गोंधळत नाही. अॅल्युमिनियमवाले दिवसभर ड्रॉसच म्हणतात. अॅल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं आणि हवा लागली की लगेच त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा, जो वितळायला २००० डिग्रीच्या वर जावं लागेल. म्हणजे तो कधीच वितळत नाही, नुसत्या घड्या पडत जातात. आणि हे ऑक्साइड खरं तर वितळलेल्या अॅल्युमिनियमपेक्षा जड आहे, हिशोबाने बुडायला हवं! तरी ड्रॉस वर राहतं, कारण त्या घड्यांमध्ये हवा अडकलेली असते आणि रस त्याला धड भिजवत नाही. हवेबरोबर चांगलं अॅल्युमिनियमही अडकतं, ताज्या पांढऱ्या ड्रॉसमध्ये निम्म्याहून जास्त धातूच असू शकतो. म्हणून ते गरम असतानाच दाबून, पिळून धातू परत काढतात. उरलेलं ड्रॉस पावसात भिजलं तर नाकात झिणझिणणारा अमोनियाचा वास येतो, कारण भट्टीत अॅल्युमिनियमने हवेतला नायट्रोजनही धरलेला असतो आणि पाणी लागलं की तो अमोनिया होऊन सुटतो. अशा गोदामात सोबत पेटणारे वायूही निघतात, त्यामुळे ते कोरडं ठेवणं हा सेफ्टीचा विषय आहे, नुसत्या वासाचा नाही.

आणि मोलाचं म्हणाल तर ग्रीसमधल्या लॉरियनची गोष्ट आहेच. अथेन्सजवळच्या या खाणींतून इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात इतकी चांदी निघाली की तिच्या पैशातून अथेन्सने जहाजांचा ताफा बांधला आणि इसवी सनापूर्वी ४८० मध्ये सॅलमिसला इराणी आरमार हरवलं. खाणी संपल्या, मळीचे डोंगर तसेच राहिले. १८६४ मध्ये सेरपिएरी नावाच्या एका इटालियन उद्योजकाची फ्रेंच भागीदारीतली कंपनी तिथे आली आणि तिने ती प्राचीन मळी वितळवून शिसं काढायला सुरुवात केली. मग ग्रीक सरकार जागं झालं, खाणीशेजारी टाकून दिलेला माल परवान्यात धरलेलाच नाही, तो देशाचा, असं म्हणायला लागलं. इटली आणि फ्रान्सने दबाव आणला, मोठा राजकीय पेच झाला, शेवटी १८७३ मध्ये सिंग्रोस नावाच्या बँकरने कंपनी विकत घेतली आणि तिच्या शेअर्समध्ये लोकांनी आंधळेपणाने पैसे ओतले, अनेक घरं बुडाली. तेवीसशे वर्षांपूर्वी गुलामांनी कोपऱ्यात ढकललेल्या मळीवरून देशादेशांत भांडण!

शेवटी झिंकची कढई, कारण वर का खाली हा सुरुवातीचा प्रश्न तिथे सुटतो, किंवा सुटत नाही म्हणा. लोखंडाला गंज लागू नये म्हणून ४५० डिग्रीच्या आसपास वितळलेल्या झिंकमध्ये बुडवतात. बुडवलेल्या मालातलं, कढईच्या भिंतीतलं थोडं लोखंड झिंकमध्ये विरघळतं आणि झिंकशी जोडी करून त्याचे स्फटिक होतात. ते झिंकपेक्षा थोडे जड, म्हणून तळाला बसतात, जाड रेतीसारखा थर होतो आणि अधूनमधून काम थांबवून मोठ्या जाळीदार चमच्याने तो तळातून उपसावा लागतो. याचं नाव बॉटम ड्रॉस. पण पत्र्याच्या सलग लाइनवर झिंकमध्ये जरासं अॅल्युमिनियम घालतात, मग तेच लोखंड झिंकला सोडून अॅल्युमिनियमला धरतं, हे स्फटिक झिंकपेक्षा हलके, ते वर येतात, त्याचं नाव टॉप ड्रॉस. लोखंड तेच, झिंक तेच, चिमूटभर अॅल्युमिनियमने जागा बदलते. दोन्ही काढणारे हात वेगळे, अवजारं वेगळी, कामाचा धोका वेगळा, आणि दोन्ही ड्रॉस झिंक परत काढणाऱ्यांकडे वजनावर विकलं जातं.